वेलास्केझचं 'लास इलांदेरास': कारखान्याआड दडलेली अरॅक्नी

सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार वेलास्केझच्या, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या या 'लास इलांदेरास' (म्हणजे 'सूत कातणाऱ्या') चित्रात पाच बायका लोकरीच्या कामात गढलेल्या दिसतात. डावीकडे एक म्हातारी चरख्यावर बसली आहे, उजवीकडे पाठमोरी तरुणी सुताची लड गुंडाळते आहे. चरखा इतक्या वेगात फिरतोय की त्याचे आरेच दिसत नाहीत, नुसती चकाकी दिसते. फिरतं चाक रंगात असं पकडणं 1650 च्या दशकात कुणाला सुचावं, याचं मला आजही नवल वाटतं.

दीर्घकाळ हे चित्र माद्रिदच्या सांता इसाबेल टॅपेस्ट्री (भिंतीवर टांगायचं चित्रांचं विणलेलं कापड) कारखान्यातलं दृश्य मानलं गेलं. मागच्या उजळलेल्या दालनातल्या उंची कपड्यांतल्या स्त्रिया म्हणजे तिथे आलेली गिऱ्हाइकं, असा समज होता. 1948 मध्ये तो मोडला. राजाच्या शिकारखात्यातला अधिकारी पेद्रो दे आर्से याच्या मालमत्तेची 1664 ची यादी कला-इतिहासकार मारिया लुइसा कातुर्ला यांना सापडली. तिच्यात वेलास्केझच्या 'अरॅक्नीची कथा' या चित्राची नोंद होती. त्याच सुमारास कला-इतिहासकार दिएगो अँगुलो यांनीही चित्रातली खूण स्वतंत्रपणे ओळखली: मागच्या दालनातली शिरस्त्राण घातलेली स्त्री म्हणजे ग्रीक देवी अथीना.

रोमन कवी ऑव्हिडने ही कथा सांगितली आहे. लिडिया या प्राचीन राज्यातली अरॅक्नी विणकामात इतकी तरबेज की तिने थेट देवीलाच आव्हान दिलं. अथीना आधी म्हातारीच्या वेशात येऊन तिला समजावते, पण अरॅक्नी बधत नाही. चरख्यावरची म्हातारी म्हणजे तीच वेशांतर केलेली देवी, असं अनेक अभ्यासक मानतात. तिचा उघडा पाय पाहा, तो म्हातारीचा नाहीच. पुढे स्पर्धेत अरॅक्नी देवांची लफडी विणते. कामात खोट सापडत नाही म्हणून चिडलेली देवी ते वस्त्र फाडते, तिला धोट्याने मारते आणि शेवटी कोळी करून टाकते.

अरॅक्नीने विणलेला पहिला प्रसंग युरोपाच्या अपहरणाचा, म्हणजे बैलाचं रूप घेतलेल्या झ्यूस देवाने युरोपा या राजकन्येला पळवल्याचा. वेलास्केझने मागच्या भिंतीवरच्या टॅपेस्ट्रीत नेमका तोच दाखवला, तोही इटालियन चित्रकार टिशियनच्या चित्रावरून. ते चित्र तेव्हा स्पेनच्या राजसंग्रहात होतं. 1628-29 मध्ये माद्रिदला आलेल्या फ्लेमिश चित्रकार रुबेन्सने त्याची नक्कल केली होती. टिशियनला अरॅक्नीच्या जागी बसवणं हा मला फार मोठा मान वाटतो. त्या काळी स्पेनमध्ये चित्रकला ही हातकारागिरीच समजली जाई. सांतियागो या स्पॅनिश सरदार-संघाचा सरदारकीचा मान मिळवताना आपण पोटासाठी चित्रं काढत नाही, हे वेलास्केझला सिद्ध करावं लागलं होतं. तो मान 1659 मध्ये मिळाला.

अठराव्या शतकात चित्राला वर आणि बाजूंना पट्ट्या जोडल्या गेल्या. वरची कमान आणि गोल झरोका त्यातलेच. त्यामुळे खोली ऐसपैस झाली आणि पौराणिक प्रसंग आणखी मागे ढकलला गेला. 2021 मध्ये प्रादोने या पट्ट्या झाकणारी नवी चौकट बसवली. पट्ट्या कापलेल्या नाहीत, चौकटीमागे तशाच आहेत.