वाहनातील होकायंत्राचे कॅलिब्रेशन

वाहनात बसवलेल्या होकायंत्रावर गाडीच्या स्वतःच्या लोखंडाचा होणारा परिणाम मोजून वजा करण्याची क्रिया. हे होकायंत्र अनेकदा आतल्या आरशात असते. त्यात सुई नसते. एकमेकांशी काटकोनात बसवलेले चुंबकीय सेन्सर असतात. गाडी पूर्ण गोल फिरली की त्यांच्या नोंदींचे एक वर्तुळ तयार होते. पत्र्यात मुरलेले चुंबकत्व या वर्तुळाचा मध्य सरकवते. यंत्र तो सरकलेला मध्य शोधून पुढच्या प्रत्येक नोंदीतून तेवढा भाग वजा करते. त्यामुळे अर्ध्या फेऱ्यावर भागत नाही.

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्यामुळे गोव्यात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र बरेचसे आडवे आणि होकायंत्राला सोयीचे असते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक, म्हणजे दिक्पात, येथे दोन अंशांहून कमी आहे. आठ दिशा दाखवणाऱ्या पडद्यावर तो जाणवतही नाही. काही गाड्यांत दिक्पातासाठी १ ते १५ असे विभाग निवडावे लागतात, पण ते उत्तर अमेरिकेच्या नकाशाचे आहेत. अशी गाडी गोव्यात असेल तर नकाशातला शून्याजवळच्या दिक्पाताचा विभाग ठेवावा. दिशा चुकत असेल तर विभागाचे आकडे बदलत बसण्यात अर्थ नाही. दोष जवळजवळ नेहमी गाडीतच असतो.

जागा मोकळी हवी. सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचे, रिकामे मैदान उत्तम. झुआरी किंवा मांडवीवरच्या पुलांजवळ, पत्र्याच्या शेडखाली, विजेच्या तारांखाली किंवा उभ्या ट्रकांच्या रांगेत कॅलिब्रेशन करू नये. किनारा मोकळा असला तरी तिथे गाडी नेण्यास गोव्यात बंदी आहे. आधी चुंबकाचा फोन-होल्डर काढावा. डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या किंवा क्रूसाच्या बुडाशी चुंबक असेल तर तोही. हे सर्वांत जास्त विसरले जाते. दारे बंद करावीत, मागच्या काचेचा हीटर बंद ठेवावा. मग आरशाचे बटण ‘सी’ किंवा ‘कॅल’ दिसेपर्यंत दाबून धरावे आणि ताशी ८ किमीपेक्षा कमी वेगाने गोल फिरावे. एक ते तीन फेऱ्यांत अक्षरे जाऊन दिशा दिसू लागते. बटण किती वेळ दाबायचे ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

पडताळणीसाठी मावळता सूर्य चांगला. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास तो बरोबर पश्चिमेला मावळतो. जूनअखेरीस मात्र तो पश्चिमेच्या सुमारे २४ अंश उत्तरेला असतो. आठ दिशांच्या पडद्यावर पश्चिमेची हद्द २२.५ अंशांवर संपते, म्हणून तेव्हा गाडीचे तोंड सूर्याकडे असताना ‘वायव्य’ दिसणे बरोबरच आहे. डिसेंबरअखेरीस याच कारणाने ‘नैर्ऋत्य’ दिसते.

फेऱ्या मारूनही ‘कॅल’ जात नसेल किंवा एकच दिशा अडकून राहत असेल, तर आरशालगतचा पत्रा फार चुंबकित झालेला असतो. डेंटिंगचे वेल्डिंग किंवा छतावर चिकटवलेला चुंबकाचा अँटेना हे नेहमीचे कारण. अशा वेळी डीगॉसिंगचे, म्हणजे पत्र्यातले चुंबकत्व काढून टाकण्याचे, उपकरण वापरतात. ते होकायंत्रापासून किमान ६० सेंमी दूर असतानाच चालू आणि बंद करायचे. जवळ बंद केले तर पत्रा नव्याने चुंबकित होतो. छतावर कागद ठेवून, म्हणजे रंगाला ओरखडे पडत नाहीत, उपकरण सावकाश नागमोडी फिरवावे, तसेच सावकाश दूर न्यावे आणि मग पुन्हा कॅलिब्रेशन करावे.

जीपीएसवरून दिशा दाखवणाऱ्या गाड्यांना यातले काही लागत नाही, पण उभ्या गाडीत ती दिशा भरवशाची नसते.