ब्रेक ऑइल बाहेर गळतंय की आतल्या आत सरकतंय?

जुन्या स्पोर्ट्स कारचं ब्रेक पेडल बसायला लागलं की कुणीतरी गाडीखाली वाकून बघतं. फरशी कोरडी दिसते आणि लगेच निकाल लागतो: "गळती नाही, हवा धरलीय, ब्लीडिंग करून टाका." ब्लीडिंग, म्हणजे पाइपांतली हवा काढणं, होतं, नवं ऑइल पडतं, पेडल होतं तसंच. एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर या 1962 ते 1980 मधल्या, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाड्या. उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंत लेथवर आयुष्य काढलेली माणसं असलेल्या कोल्हापुरातही त्यांच्या ब्रेकबद्दल हाच घोळ ऐकावा लागतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाहेरची गळती बहुतेकांना ओळखता येते. टाकीतली लेव्हल उतरते. मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलने ऑइलवर दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरचं, मागचं रबर गेलं तर ऑइल पुशरॉडवरून पेडलवर येतं, कार्पेट भिजतं, पेडल बॉक्सचा रंग फुगून निघतो. चाकातला व्हील सिलिंडर गेला तर ड्रममध्ये आणि टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसते. तिथे ॲक्सलचं ऑइलही येऊ शकतं, म्हणून बोटावर घेऊन पाणी टाका. डॉट 3 किंवा डॉट 4 (ब्रेक ऑइलचे प्रकार) असेल तर पाण्यात मिसळून निघून जाईल, ॲक्सलचं तेलकटच राहील. याच कारणासाठी पावसाळ्यात फरशीवरच्या डागावर विसंबू नका. आपल्याकडचा जुलैमधला पाऊस गळलेलं ब्रेक ऑइल धुऊन नेतो, मागे तवंगसुद्धा ठेवत नाही. टाकीवर खूण करा आणि लेव्हल बघा. डिस्क पॅड झिजले की लेव्हल थोडी उतरतेच, पण ती काही महिन्यांत, आठवड्यात नाही.

सगळे अडकतात ते आतल्या गळतीत. मास्टर सिलिंडरच्या पिस्टनपुढे एक रबरी कप असतो. पेडल दाबलं की हा कप ऑइल पुढे लोटतो. त्याची कड झिजली किंवा सिलिंडरच्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले, की दाबाखालचं ऑइल कडेवरून मागे सरकतं आणि परत टाकीत जातं. थेंबही बाहेर पडत नाही. लेव्हल जिथल्या तिथे, फरशी कोरडी, आणि पेडल मात्र दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला पायाखाली सावकाश खाली जात राहतं.

यातली फसवी गोष्ट अशी की जोरात पाय मारला तर हाच खराब कप नीट काम करतो. दाब एकदम वाढला की कपाची कड फाकते आणि भिंतीला घट्ट बसते. गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक जण पेडल जोरात हाणूनच बघतो, कडक लागतं, आणि "मास्टर ओके" म्हणून मोकळा होतो. तपासायचं ते हलक्या पायाने. इंजिन बंद ठेवा, सर्वो (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा भाग) असेल तर चार-पाच वेळा पेडल मारून त्यातला व्हॅक्यूम संपवा, मग सिग्नलला थांबताना ठेवता तेवढाच पाय अर्धा मिनिट ठेवा. हवा असेल तर पेडल स्प्रिंगसारखं लवतं, पंप मारल्यावर वर येतं आणि तिथे टिकतं. ड्रममधले ब्रेक शूज ढिले असतील तर लांब जातं, पण एकदा कडक झालं की हलत नाही. पाय तसाच असताना ते सरकत राहिलं, लेव्हल मात्र उतरली नाही, तर संशय मास्टरवर.

खात्री हवी असेल तर मास्टरच्या आउटलेटचा पाइप सोडा आणि तिथे पितळी प्लग लावा. टँडम मास्टर, म्हणजे दोन आउटलेटचा, असेल तर दोन्ही आउटलेट बंद करा. आता मास्टर एकटाच उरला. आतली हवा काढल्यावर पेडल दगडासारखं कडक राहिलं तर मास्टर निर्दोष, बसलं तर दोषी. प्लग लेथवर करून घ्या, पण आटे आधी मोजा. या ब्रिटिश गाड्यांत यूएनएफ, म्हणजे इंचाच्या मापातले बारीक आटे असतात. 3/8 यूएनएफ म्हणजे 9.5 एमएम, त्यामुळे 10 एमएमचा मेट्रिक प्लग दिसायला जुळतो. पान्याने रेटून बसवला की आटे गेले, आणि चांगला मास्टर भंगारात.

लेव्हल उतरतेय, पण ओल कुठेच नाही, असंही होतं. गाडीला वेगळा बसवलेला व्हॅक्यूम सर्वो असेल तर त्याचं रबर गेल्यावर ऑइल व्हॅक्यूमच्या पाइपमधून इंजिनात ओढलं जातं आणि जळतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि लोक बिचाऱ्या पिस्टन रिंगांना दोष देतात. सर्वोचा व्हॅक्यूम पाइप काढून आत बोट फिरवा, ओलं लागेल.

करूळ घाट उतरताना पेडल मऊ पडलं आणि गाडी गार झाल्यावर ठीक झालं, तर ती गळतीच नव्हे. जुनं ऑइल पाणी शोषून उकळलं. ताज्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश, पाणी मुरलेल्याचा 155. दर दोन वर्षांनी बदला.

हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, थांबा. वर्षानुवर्षं कप सिलिंडरच्या वरच्या भागातच फिरलेला असतो, खालचा भाग गंजलेला. तिथे नेला की कड फाटते आणि नसलेली आतली गळती सुरू होते. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. आणि कप पेट्रोल-डिझेलने धुऊ नका, रबर फुगतं. ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवा. खड्डे पडलेल्या सिलिंडरला पॉलिश पेपर मारून नवं किट (रबरांचा संच) घालणं मला अजिबात मान्य नाही. पेपरने खड्डा जात नाही, आणि खड्डा जाईपर्यंत घासलं तर बोअर (आतला व्यास) मोठा होऊन कप सैल पडतो. स्टेनलेस किंवा पितळी स्लीव्ह बसवून मूळ मापाला होन करून (आतून बारीक घासून) घ्या, किट त्यानंतर मागवा.