अमेरिकेतलं एचएसए खातं: पात्रता, कागदपत्रं आणि भारतातल्या खर्चाचे नियम

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांत पुढच्या वर्षाचा आरोग्यविमा निवडायची मुदत असते. समोर दोन-तीन प्लॅन येतात. त्यातल्या एकाचा हप्ता बराच कमी, डिडक्टिबल मोठं आणि नावापुढे ‘एचएसए’ लिहिलेलं असतं. इथे नव्याने आलेली मंडळी अनेकदा हप्ता बघून तो प्लॅन घेतात आणि खातं उघडायचं मात्र राहून जातं. मग मोठ्या डिडक्टिबलचा भार तेवढा अंगावर येतो आणि ज्या करसवलतीसाठी हा प्लॅन घ्यायचा, ती हातची जाते.

डिडक्टिबल म्हणजे विमा कंपनी खर्च उचलायला लागण्याआधी वर्षभरात तुम्ही स्वतः भरायची रक्कम. वार्षिक तपासणी, लसीकरण अशा प्रतिबंधात्मक सेवा त्यातून वगळलेल्या असतात. हा भार पेलण्यासाठी पैसे बाजूला टाकता यावेत म्हणून २००३ च्या कायद्याने ‘हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट’ म्हणजे एचएसए आणलं आणि १ जानेवारी २००४ पासून ते सुरू झालं. यात भरलेल्या पैशांवर केंद्राचा आयकर नाही, व्याज किंवा गुंतवणुकीच्या वाढीवर नाही आणि औषधोपचारासाठी काढलेल्या पैशांवरही नाही. खातं तुमच्या मालकीचं असतं. नोकरी सुटली, बदलली, वर्ष संपलं, तरी शिल्लक तुमचीच राहते.

पात्र कोण?

महिन्याच्या १ तारखेला तुमच्याकडे एचएसएला चालणारा विमा हवा. २०२६ साठी त्याचं डिडक्टिबल एकट्यासाठी किमान १,७०० आणि कुटुंबासाठी किमान ३,४०० डॉलर असायला हवं. वर्षभरात खिशातून जाणाऱ्या एकूण खर्चाची कमाल मर्यादा एकट्यासाठी ८,५०० आणि कुटुंबासाठी १७,००० डॉलरच्या आत हवी. नुसतं डिडक्टिबल मोठं असून भागत नाही. साध्या डॉक्टर-भेटीला किंवा नेहमीच्या औषधांना पहिल्या दिवसापासून पैसे देणारा प्लॅन सहसा अपात्र ठरतो, म्हणून प्लॅनच्या कागदावर ‘एचएसए पात्र’ असा स्पष्ट उल्लेख शोधा. २०२६ पासून सरकारी एक्सचेंजवर (स्वतःच विमा विकत घेणाऱ्यांसाठीच्या बाजारपेठेत) मिळणारे ब्रॉन्झ आणि कॅटस्ट्रॉफिक प्लॅनही पात्र धरले जातात.

मेडिकेअर (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्यविमा) सुरू झालेलं नसावं आणि दुसऱ्या कुणी तुम्हाला आपल्या कर-विवरणात अवलंबित म्हणून दाखवता येत नसावं. व्हिसाचा प्रकार आड येत नाही. एच-१बी किंवा एल-१ वर असलेल्यांनाही हे खातं उघडता येतं.

नवरा-बायको दोघे नोकरी करत असतील तर एक अडचण हमखास येते. जोडीदाराच्या कंपनीत सर्वसाधारण एफएसए (औषधोपचारासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला टाकायचं कंपनीचं वेगळं खातं) घेतलेलं असेल, तर त्यातून तुमचाही खर्च भागू शकतो. त्यामुळे तुमची पात्रता जाते, मग त्या एफएसएतून तुमच्यासाठी एक डॉलरही काढलेला नसला तरी. फक्त दात आणि डोळ्यांपुरतं मर्यादित एफएसए चालतं. निवड करायच्या दिवसांत दोघांनी आपापले प्लॅन शेजारी ठेवून बघावेत.

किती भरता येतं?

२०२६ साठी एकट्याला ४,४०० आणि कुटुंबाच्या विम्यावर ८,७५० डॉलर. वय ५५ पूर्ण असेल तर आणखी १,०००. कंपनी जे टाकते तेही याच मर्यादेत मोजलं जातं. वर्षाच्या मधे विमा सुरू झाला तर महिन्यांच्या प्रमाणात रक्कम धरायची. समजा १० ऑगस्टला नोकरी आणि विमा सुरू झाला, तर पात्रता १ सप्टेंबरपासून, म्हणजे चार महिने. एकट्यासाठी सुमारे १,४६६ डॉलर. १ डिसेंबरला पात्र असलेल्याला पूर्ण वर्षाची रक्कम भरायची मुभा आहे, पण मग पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत पात्र राहावं लागतं. मधेच प्लॅन बदलला तर जादा भरलेल्या रकमेवर कर आणि १० टक्के दंड लागतो. नोकरीची खात्री नसताना या मुभेच्या वाटेला जाऊ नये.

शक्य असेल तर पैसे पगारातूनच वळते करा. तसं केल्यावर आयकरासोबत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची ७.६५ टक्के कपातही वाचते. २२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे १,००० डॉलरमागे साधारण २९६ डॉलर वाचतात. स्वतःच्या बँकेतून भरले तर फक्त आयकराची वजावट मिळते. त्यासाठी पुढच्या वर्षी विवरण भरायच्या मुदतीपर्यंत, म्हणजे सहसा १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्यं मात्र आपल्या राज्य-करात एचएसएची सवलत मानत नाहीत. बे एरिया आणि एडिसनमधल्या आपल्या लोकांनी राज्याचं विवरण भरताना हे विसरू नये.

खातं उघडताना

पूर्ण नाव, जन्मतारीख, अमेरिकेतला पत्ता आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो. बँकेला ओळख पटली नाही तर पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा मागतात. त्या ईमेलला उत्तर दिलं नाही तर खातं अर्धवट राहतं, म्हणून प्लॅन निवडून झाल्यावर खातं खरंच सुरू झालं का ते स्वतः तपासा. वारसाचं नाव तेव्हाच भरा. वारस जोडीदार असेल तर खातं जसंच्या तसं त्याचं होतं. दुसरं कुणी असेल तर ती रक्कम त्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते.

खातं उघडण्याच्या तारखेआधीचा खर्च कधीच चालत नाही, एवढी तारीख महत्त्वाची आहे. नंतरच्या खर्चाचे पैसे काढायला मात्र मुदत नाही. आज दाताचं बिल खिशातून भरून दहा वर्षांनी त्यापोटी पैसे काढता येतात, फक्त पावती जपलेली हवी. बिल, विमा कंपनीचं हिशेबपत्रक आणि पैसे भरल्याचा पुरावा असे तिन्ही कागद स्कॅन करून ठेवा.

भारतातला खर्च

सुट्टीत पुण्यात दाताचं काम करून घेतलं किंवा कोल्हापुरात मुलाला दवाखान्यात दाखवलं, तर तो खर्च एचएसएतून चालतो. तिथेच विकत घेऊन तिथेच खाल्लेलं, दोन्ही देशांत कायदेशीर असलेलं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषधही चालतं. येताना बॅगेतून आणलेली औषधं सहसा चालत नाहीत.

आई-वडिलांच्या बाबतीत नियम जिवाला लागतो. भारतात राहणारे आई-वडील, तुम्ही त्यांचा सगळा खर्च उचलत असलात तरी, इथल्या करकायद्यात तुमचे अवलंबित ठरत नाहीत. अपवाद ते स्वतः अमेरिकी नागरिक किंवा इथले कर-रहिवासी असण्याचा. त्यामुळे बाबांच्या बायपाससाठी एचएसएतून पैसे पाठवले तर त्या रकमेवर आयकर आणि वर २० टक्के दंड बसतो. त्यांच्यासाठी वेगळी तजवीज ठेवा. तुमच्या स्वतःच्या पासष्टीनंतर दंड जातो, आयकर राहतो.

विम्याचा हप्ताही एरवी यातून भरता येत नाही. नोकरी गेल्यावर घेतलेल्या कोब्राचा (जुन्या कंपनीचाच विमा स्वखर्चाने पुढे चालू ठेवण्याच्या सोयीचा) हप्ता मात्र भरता येतो. ले-ऑफच्या काळात हा आधार फार मोठा असतो.

करविवरणात

पगारातून आणि कंपनीकडून गेलेली रक्कम डब्ल्यू-२ च्या (कंपनी देते त्या वर्षाच्या पगार-कर दाखल्याच्या) बॉक्स १२ मध्ये ‘डब्ल्यू’ या खुणेपुढे दिसते. पैसे काढले असतील तर फॉर्म १०९९-एसए येतो, भरलेल्या रकमेचा ५४९८-एसए. या सगळ्याचा मेळ घालून फॉर्म ८८८९ विवरणाला जोडायचा. मर्यादेपेक्षा जास्त भरलं गेलं असेल तर मुदतीआधी ती रक्कम आणि तिच्यावरची वाढ काढून घ्या, नाहीतर दरवर्षी ६ टक्के आकार लागत राहतो.

निवड करण्यापूर्वी कागदावर एक हिशेब मांडा: प्रत्येक प्लॅनचा वर्षाचा हप्ता, त्यात खिशातून जाऊ शकणारा कमाल खर्च मिळवा, कंपनी एचएसएत टाकते ती रक्कम वजा करा. घरात बाळंतपण येणार असेल किंवा कुणाला कायमची महागडी औषधं असतील तर हा आकडा नीट बघाच. डिडक्टिबलएवढे पैसे बँकेत नसतील तर पहिल्या वर्षी जास्त हप्त्याचा साधा प्लॅन घेणं मला शहाणपणाचं वाटतं. एचएसए पुढच्या वर्षीही घेता येतं.