बाळ नुसतं कुंथतंय की खरंच खडा झालाय?

उष्टावण झालं की घरात एकदम सगळ्यांना शी या विषयात रस येतो. त्याआधी कोणी विचारत नसतं पण पेज, नाचणी सुरू झाली की रोज सकाळी आजी, आजोबा, मालिशवाल्या मावशी सगळ्यांचा एकच प्रश्न, झाली का? आणि बाळ जरा लाल होऊन जोर करायला लागलं की लगेच निकाल, याला खडा झालाय. मग कोणी एरंडेल काढतं, कोणी विड्याच्या पानाचा देठ आणायला पळतं. पुण्यात पानाची टपरी काय, प्रत्येक कोपऱ्यावर आहे, त्यामुळे देठ पाच मिनिटांत हजर.

गडबड अशी होते की कुंथणं आणि खडा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. दोन्हीत बाळ लाल होतं, कण्हतं, पाय पोटाशी घेतं, रडतं. पण एकीत काहीच करायचं नसतं आणि दुसरीत खाणं बदलावं लागतं, कधी औषधही लागतं. त्यामुळे आधी कुठली आहे ते ओळखायला हवं, आणि ते बाळाच्या तोंडाकडे बघून कळत नाही, डायपर उघडूनच कळतं.

आधी कुंथणं. शी बाहेर यायला शरीराला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात, वरून पोटाचा जोर लावायचा आणि खालचे स्नायू सैल सोडायचे. आपल्याला हे आपोआप जमतं पण लहान बाळाला ते शिकावं लागतं, वरून जोर लावताना ते खालूनही घट्ट धरून ठेवतं, मग रडतं, कारण रडल्यानेही पोटात दाब तयार होतो. त्यात ते पाठीवर झोपलेलं, म्हणजे आपण झोपून शी करायचा प्रयत्न केला तर कसं होईल तो विचार करा. डॉक्टर लोकांच्या व्याख्येत साधारण ९ महिन्यांच्या आतलं, बाकी तब्येतीने चांगलं असलेलं बाळ शी होण्याआधी निदान १० मिनिटं असं कुंथत आणि रडत असेल आणि शेवटी शी मऊच होत असेल (किंवा त्या वेळी झालीच नाही, तरी पुढची मऊच येत असेल) तर ती बद्धकोष्ठता धरत नाहीत. १० मिनिटं म्हणजे किती लांब वाटतात ते ज्याच्या मांडीवर बाळ रडतंय त्यालाच माहिती! पण शेवटी पिवळी, तपकिरी, लोण्यासारखी किंवा पातळ पिठल्यासारखी शी आली की विषय संपला. काही आठवड्यांत त्यांना ते जमायला लागतं आणि हे आपोआप थांबतं.

यात मदत म्हणून सगळ्यात वाईट काय तर खालून काही घालणं, देठ, साबणाची कांडी, तेलाचं बोट, थर्मामीटर. शी होते, नाही असं नाही, आणि म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. पण एकतर तिथली त्वचा नाजूक असते, साबणाने आग होते, जखम होऊ शकते, आणि दुसरं म्हणजे बाळाला स्वतः सैल सोडायला शिकायचं असतं तेच राहून जातं, बाहेरून काहीतरी टोचल्याशिवाय शी करायची नाही अशी सवय लागते. त्यापेक्षा पाय सायकलसारखे हलवा, गुडघे पोटाशी धरा, कोमट पाण्याने आंघोळ घाला, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलका हात फिरवा. जादू होईल असं नाही पण नुकसानही नाही आणि आपल्यालाही काहीतरी केल्याचं समाधान.

आता दिवसांचा हिशोब, कारण निम्मी काळजी तिथूनच येते. फक्त आईच्या दुधावरचं बाळ दिवसात सात-आठ वेळाही शी करतं आणि कधी कधी आठवडाभर करतही नाही, दोन्ही ठीक, शी मऊ असली आणि बाळ पीत-खेळत असलं तर. वरचं खाणं सुरू झालं की हे बदलतं, कोणाची रोज एकदा, कोणाची एक दिवसाआड. शेजारच्या बाळाची रोज होते म्हणून आपल्याची झालीच पाहिजे असं काही नाही (हे सोसायटीच्या बागेत सांगून बघा, कोणी ऐकत नाही).

शी नुसती घट्ट झाली म्हणजेही खडा नव्हे. दुधावरची पातळ शी अन्नावर आली की जाड होते, रंग गडद होतो आणि वास, तो तर एकदम मोठ्या माणसासारखा. गाजराचे तुकडे तसेच येतात, बीट खाल्लं की लाल दिसतं आणि घाबरायला होतं, केळं खाल्लं की बारीक काळे दोरे दिसतात ते पुष्कळांना जंत वाटतात, ते केळ्याचेच असतात. लोहाचे थेंब चालू असतील तर शी काळी किंवा काळपट हिरवी होते, त्यासाठी थेंब आपल्या मनाने बंद करू नका, ६ महिन्यांनंतर बाळाला लोहाची गरज असते म्हणूनच ते दिलेले असतात. घट्ट पण मऊ, बोटाने डायपरवरून दाबली तर दबते, अशी शी नॉर्मल आहे.

खडा म्हणजे काय तर शी कोरडी. बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक गोळे, किंवा एकच जाड, वरून भेगा पडलेला गठ्ठा, जो दाबला तरी दबत नाही. मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषून घ्यायचं, शी तिथे जितकी जास्त वेळ राहील तितकी कोरडी होत जाते. मग ती बाहेर येताना दुखतं, कधी बारीक चीर पडते आणि शीच्या वरून लालभडक रक्ताची रेघ दिसते. आणि एकदा दुखलं की बाळ पुढच्या वेळी रोखून धरतं, रोखलं की अजून कोरडी, अजून मोठी, अजून दुखणार. हे चक्र लवकर तोडलं तर सोपं असतं, महिनोन्महिने चाललं की मग डॉक्टरकडे फेऱ्या.

इथे अजून एक फसगत आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोखून धरणारं बाळही कुंथल्यासारखंच दिसतं. पाय ताठ, ढुंगण आवळलेलं, पाठ मागे ताणलेली, जरा मोठं झालेलं असेल तर सोफा धरून टाचा उचलून उभं राहील आणि चेहरा लाल. घरचे म्हणतात बघा बिचारं किती जोर लावतंय, आणि प्रत्यक्षात ते शी बाहेर काढत नसतं, आत ढकलत असतं. साधा फरक म्हणजे जोर करणारं बाळ बहुतेक वेळा पाय पोटाशी घेऊन दुमडतं, रोखणारं ताठ होतं. दर वेळी इतकं स्पष्ट दिसेलच असं नाही, पण डायपरमध्ये कडक गोळे आणि बाळ ताठ, असं दोन्ही जुळलं तर तो खडाच समजा.

तर खडा असेल तर काय. आपल्याकडे सुरुवातीचं खाणं काय असतं बघा, तांदळाची पेज, रव्याची खीर, नाचणी सत्व, वरणाचं पाणी, केळं. पोटभरीचं आहे पण चोथा जवळजवळ नाहीच. सत्व करताना नाचणी भिजवून वाटून फडक्यातून गाळतात, कोंडा फडक्यातच राहतो, आणि मग आपण म्हणतो नाचणी तर पौष्टिक, तरी खडा का झाला! वरणाच्या पाण्याचंही तेच, पाणी नको, डाळच मऊ शिजवून घोटून द्या, जमलं तर सालीच्या मुगाची. सत्वाच्या ऐवजी अख्ख्या नाचणीचं बारीक दळलेलं पीठ चालतं. तांदळाच्या खिचडीत दुधी, लाल भोपळा, पालक, गाजर शिजवून घाला, रताळं, मटार कुस्करून द्या, वरून तूप घाला. तुपाने खडा सुटतो असं नाही पण उष्मांक मिळतात आणि घास सरकतो.

फळांत नासपती, पपई, आलुबुखारा, पीच आणि सुका आलुबुखारा ही कामाची. नासपती आणि आलुबुखाऱ्यात सॉर्बिटॉल नावाची साखर असते ती पूर्ण पचत नाही, आतड्यात पाणी ओढून धरते, त्याने शी मऊ होते. पुण्याला तर सासवड-पुरंदर शेजारी आहे, सीझनमध्ये मंडईत ताजे अंजीर मिळतात, पिकलेलं अंजीर कुस्करून द्या. एरवी सुकं अंजीर किंवा काळ्या मनुका रात्रभर भिजवून, वाटून, त्याची पेस्ट. अख्खी मनुका बाळाच्या हातात द्यायची नाही, घशात अडकते. केळ्याला लोक सरसकट दोष देतात, पण त्रास होतो तो कच्चट केळ्याचा, सालीवर ठिपके पडलेलं पिकलेलं केळं बहुतेकांना चालतं. रसापेक्षा फळच बरं, आणि डॉक्टरांनी खड्यासाठी म्हणून थोडा नासपतीचा किंवा सफरचंदाचा रस सांगितला तर तो त्यांनी सांगितला तेवढाच.

पाणी. ६ महिन्यांच्या आधी पाणी लागत नाही, पण घन अन्न सुरू झालं की जेवताना वाटीतून घोट घोट द्यायचं, १ वर्षापर्यंत दिवसभरात मिळून साधारण १२० ते २४० मिली पुरे. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात घरातले मोठेसुद्धा तक्रार करतात, तेव्हा बाळाच्या पाण्याकडे आणि दुधाकडे जास्त लक्ष. हो, दूध कमी करून खाणं वाढवायची घाई नको, वर्षापर्यंत मुख्य अन्न आईचं दूध किंवा फॉर्म्युलाच. फॉर्म्युला असेल तर डब्यातला चमचा सपाट भरायचा, शिगोशिग भरला तर दूध दाट होतं आणि खडा व्हायचं एक कारण तिथेच सापडतं. गाईचं किंवा म्हशीचं दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको. काही बाळांत खड्याचं कारण गाईच्या दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असते, पण ते डॉक्टर ठरवतील.

खाण्यातला बदल एका दिवसात दिसत नाही, काही दिवस द्यावे लागतात, आज पपई दिली आणि संध्याकाळी शी नाही म्हणून उद्या एरंडेल असं करू नका. एरंडेल नकोच, त्याने पोटात मुरडा येतो आणि जुलाब लागतात. मध चाटवायचा तर अजिबात नाही, वर्षाच्या आत कधीच नाही, मग तो गुटीत उगाळून का असेना. मधात बोट्युलिझमचे जंतू बीजाणूंच्या रूपात असू शकतात आणि गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाहीच) त्या आजाराचं पहिलं लक्षण पुष्कळदा बद्धकोष्ठताच असतं, नंतर बाळ ढिलं पडतं, ओढून पीत नाही, रडणं क्षीण होतं. आजी म्हणतील आम्ही पाच जणांना चाटवला, काही झालं नाही. वाद घालू नका, बाटली वरच्या फळीवर ठेवा. हिंगाचा लेप बेंबीभोवती लावतात त्याने खडा सुटत नाही, आणि कातडी लाल झाली तर तोही पुसून टाका.

खाणं बदलूनही खडा होतच असेल तर डॉक्टर लॅक्ट्युलोजसारखं शी मऊ करणारं सिरप देतात. त्याची सवय लागेल म्हणून लोक दोन दिवसांत बंद करतात आणि खडा परत येतो, ते सांगतील तितके दिवस द्यायचं असतं. ग्लिसरीनची कांडी मेडिकलमध्ये सहज मिळते, तीही विचारल्याशिवाय नको.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. हिरवी उलटी, पोट फुगून टणक होणं, ताप, बाळ पीत नाही, मलूल पडलंय, वजन वाढत नाही, शीमध्ये रक्त पुन्हा पुन्हा किंवा रेघेपेक्षा जास्त, शी कायम रिबनसारखी बारीक. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती किंवा पहिल्या महिन्यापासूनच हा त्रास असेल तर तेही आवर्जून सांगा, मोठ्या आतड्यातल्या मज्जातंतूंचा जन्मजात दोष त्यामागे असू शकतो, थायरॉइडचंही बघतात.

आणि जाताना डायपरचा फोटो घेऊन जा, घट्ट होती, जरा कडक होती, असं बोलण्यापेक्षा डॉक्टरांना त्यातून पटकन कळतं. फक्त तो गॅलरीत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, उष्टावणाचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकताना तोही गेला तर आठवडाभर वेगळाच विषय चालेल.