88 गुण करणारं आक्रमण 80 वाल्यापेक्षा दुबळं कसं?

ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, दोन सामने झाले. इंडियाना पेसर्सनी सॅक्रॅमेंटो किंग्जला पहिल्या दिवशी 132-131 असं हरवलं आणि दुसऱ्या दिवशी 130-106 असं. पेसर्सचं आक्रमण कोणत्या दिवशी जास्त धारदार होतं? 132 हा आकडा पाहून पहिल्या दिवशी असं म्हणावंसं वाटतं. पण त्या दिवशी 48 मिनिटांत बरोबरी झाली होती आणि जादा वेळ खेळावी लागली होती. म्हणजे गुण मिळवायला संधीही जास्त मिळाल्या.

जादा वेळ निदान डोळ्यांना दिसते. संघ किती वेगानं खेळतो, हे मात्र गुणफलक सांगत नाही. मुंबईतल्या नागपाड्यात बास्केटबॉल कोर्टाबाहेर उभं राहून सामने बघताना 'हे सरासरी नव्वद मारतात, अटॅक जबरदस्त' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आज लिहायलाच बसलो.

क्रिकेटमध्ये आपण ही चूक करत नाही. 20 षटकांतल्या 160 धावा 50 षटकांतल्या 200 पेक्षा वेगवान, हे शाळकरी पोरगंही सांगेल. मग बास्केटबॉलमधलं षटक कुठलं? चेंडूचा ताबा, म्हणजे पझेशन. दर 100 ताब्यांमागे किती गुण झाले, ही आक्रमणाची कार्यक्षमता.

ताबा संपतो तो बास्केट झाल्यावर, चुकलेला शॉट प्रतिस्पर्ध्यानं पकडल्यावर किंवा टर्नओव्हर झाल्यावर, म्हणजे शॉट न मारताच चेंडू गमावल्यावर. आपलाच चुकलेला शॉट आपणच पकडला, तर तो नवा ताबा नाही, जुनाच पुढे चालू. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. आणि यातूनच मला सगळ्यात आवडणारी गोष्ट निघते. एकाचा ताबा संपला की दुसऱ्याचा सुरू होतो, त्यामुळे एका सामन्यात दोन्ही संघांचे ताबे जवळपास सारखेच असतात, फार तर एकदोनाचा फरक. वेग दोघांचा मिळून ठरतो. म्हणून त्या सामन्यापुरतं कोण सरस हे गुणफलक बरोबर सांगतो. फसगत होते ती वेगवेगळ्या सामन्यांतले आकडे शेजारी ठेवल्यावर.

प्रत्येक ताबा मोजलेला नसेल, तर स्कोअरशीटवरून अंदाज काढता येतो: मारलेले शॉट (पडलेले आणि चुकलेले मिळून), वजा आक्रमणात मिळवलेले रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट आपण परत पकडणं), अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोंच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या बिनअडथळ्याच्या शॉटच्या) 0.44 पट. अमेरिकेत बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांच्या लेखनामुळे हा हिशेब सर्वदूर गेला.

हे 0.44 कुठून आलं? दोन फ्री थ्रोंवर एक ताबा संपतो असं धरलं तर 0.5 यायला हवं. पण बास्केट पडता पडता फाउल झाला तर एकच फ्री थ्रो मिळतो, आणि तो ताबा शॉटच्या खात्यात आधीच मोजलेला असतो. टेक्निकल फाउलच्या, म्हणजे बेशिस्तीसारख्या कारणानं दिलेल्या फाउलच्या, फ्री थ्रोनं ताबा खर्चच होत नाही. तीन गुणांच्या शॉटवर फाउल झाला तर तीन फ्री थ्रो मिळून एक ताबा. हे सगळं 0.5 ला खाली ओढतं. 0.44 ही एनबीएतल्या सामन्यांवरून आलेली सरासरी आहे. अमेरिकन कॉलेजांचे नियम वेगळे, म्हणून तिथे 0.475 वापरतात.

आता समजा, एका संघानं 78 शॉट मारले, 13 रिबाउंड परत मिळवले, 16 टर्नओव्हर केले, 25 फ्री थ्रो घेतले आणि 88 गुण केले. ताबे 78 - 13 + 16 + 11 = 92, कार्यक्षमता साधारण 96. दुसऱ्या संघाचे दुसऱ्या सामन्यात 60 शॉट, 8 रिबाउंड, 12 टर्नओव्हर, 25 फ्री थ्रो आणि 80 गुण. ताबे 75, कार्यक्षमता जवळपास 107. दर 100 ताब्यांमागे 11 गुणांचा फरक, आणि तोही कमी गुण करणाऱ्याच्या बाजूनं!

अर्थात एका सामन्याच्या आकड्यावर कुणाला डोक्यावर घेऊ नये. 75 ताब्यांत तीन गुणांचे चार शॉट जास्त पडले, तर कार्यक्षमता एकदम 16 नं वाढते. अशाच दिवशी घातलेले मोजे मग 'लकी' ठरतात आणि पुढच्या सामन्यालाही न धुता घातले जातात. श्रेय मोज्यांचं नाही, 75 हा आकडाच लहान आहे. चार सामन्यांवरून खेळाडूला दशांश चिन्हासकट रेटिंग देणाऱ्या अ‍ॅपवरही माझा याच कारणानं विश्वास नाही.

आपल्या मैदानांवर तर सूत्राची गरजही नाही. एक वही आणि एक लक्ष देणारं पोर पुरे. ताबा सुरू झाला की उभी रेघ, आपला रिबाउंड आपणच घेतला तर त्याच रेघेवर टिंब, शेवटी शेजारी गुण. प्रतिस्पर्ध्याचं नावही लिहून ठेवा, कारण कच्च्या बचावासमोरचे 107 आणि मोसमातल्या सर्वांत कडव्या बचावासमोरचे 96 यांत मी दुसरा संघ निवडीन.