जुन्या पिकअपची चासी: रंगाआधी हातोडी

अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात, आणि त्यापायी इंजिन ठणठणीत असलेल्या कितीतरी जुन्या पिकअप गाड्या केवळ चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सडल्यामुळे भंगारात निघतात. 1995 ते 2000 या वर्षांतील टाकोमा पिकअपच्या चासीवर टोयोटाने 2008 मध्ये गंजाविरुद्ध 15 वर्षांची वाढीव हमी दिली. पुढे 2016 मध्ये नंतरच्या सुमारे 15 लाख गाड्यांबाबत कंपनीने न्यायालयात तडजोड मान्य केली. तिची किंमत 340 कोटी डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. आपल्याकडे कोकणपट्टीवर मासळी वाहणाऱ्या पिकअपच्या चासीवर खारट पाणी ठिबकते, तेव्हा तिथेही वेगळे काही घडत नाही.

मीठ लोखंडाला थेट खात नाही. ते पाण्याला चांगला विद्युतवाहक बनवते आणि त्यातील क्लोराइड धातूवर संरक्षक थर टिकू देत नाही, त्यामुळे गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया झपाट्याने पुढे सरकते. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. साध्या मिठाला त्यासाठी सुमारे 75 टक्के सापेक्ष आर्द्रता लागते, पण रस्त्यांवर वापरल्या जाणाऱ्या मॅग्नेशियम क्लोराइडला 33 टक्केही पुरतात. म्हणूनच रस्ता कोरडा दिसत असला तरी पोकळ चासीच्या आत साचलेला चिखल ओलाच राहतो आणि पत्रा बहुधा आतून बाहेर सडत येतो.

म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधी हातोडी घ्यावी. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर घ्यावी आणि चासी टोकापासून टोकापर्यंत ठोकत जावे. मागच्या पाट्यांच्या कमानींचे (लीफ स्प्रिंगचे) आधार आणि जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसतात त्या जागा विशेष बारकाईने पाहाव्यात. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. आवाज बद्द आला किंवा स्क्रूड्रायव्हरचे टोक आत घुसले, तर तिथे रसायनांचा उपयोग नाही. तो भाग कापून अनुभवी वेल्डरकडून नवा जोडून घ्यावा, किंवा चासीच बदलावी.

पत्रा शाबूत असेल तर आधी भरपूर गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावे, अगदी चासीच्या छिद्रांतून आतसुद्धा. वाळल्यावर पोपडे वायर ब्रशने खरवडावेत. मात्र चासीलगत जाणारी ब्रेकची नळीही बहुधा गंजलेली असते, तिला जपावे. घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन (वनस्पतींतला तुरट पदार्थ) असलेले गंजरोधक द्रावण लावतात. लोखंडी कढईत शिजवलेला आवळा काळा पडतो, त्याच जातीच्या क्रियेने टॅनिन गंजाचे काळसर, स्थिर संयुग बनवते. जाड पोपड्यांच्या तळापर्यंत मात्र ते पोचत नाही, म्हणून खरवडण्यात आळस केला तर पुढचा खर्च वाया जातो. जिथे धातू उघडा पडला असेल तिथे जस्तयुक्त प्रायमर द्यावा. जस्त स्वतः आधी झिजून लोखंडाला वाचवते.

गंजावरच सरसकट डांबरी थर चोपडणे हा माझ्या मते सर्वांत वाईट उपाय आहे, कारण थराला तडा गेला की पाणी आत शिरते, अडकून बसते आणि वरून काहीच दिसत नाही. चासीच्या पोकळीत तर ब्रश जातच नाही. तिथे लांब नळीच्या फवाऱ्याने मेण किंवा लोकरीच्या मेणापासून केलेले तेल मारतात. ते पूर्ण वाळत नसल्याने सांध्यांत झिरपत राहते, पण हळूहळू धुऊनही जाते, त्यामुळे दरवर्षी हिवाळ्यापूर्वी पुन्हा मारावे लागते. फवारताना चासीच्या तळाची निचऱ्याची छिद्रे बुजली नाहीत ना, हे तारेने तपासून घ्यावे.