दरबारी तसबिरी आणि बीचची वलयं

जुन्या चित्राचा विषय निघाला की 'कार्बन डेटिंग करा ना' हा सल्ला हमखास मिळतो. सोळाव्या शतकासाठी तो फारसा कामाचा नाही. तिथे उत्तर बरेचदा शे-दीडशे वर्षांच्या पट्ट्यात येतं, आणि क्रानाख या जर्मन चित्रकार घराण्याच्या बाबतीत प्रश्न असतो बाप की मुलगा, एवढा बारीक.

थोरला लुकास क्रानाख (१४७२–१५५३) १५०५ मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनीच्या इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राज्यकर्ता) फ्रेडरिकचा दरबारी चित्रकार झाला. विटेनबर्गमध्ये त्याची कार्यशाळा होती, औषधांचं दुकान होतं, पुढे तो नगराध्यक्षही झाला. हान्स आणि धाकटा लुकास हे मुलगे हाताशी होतेच. १५३३ च्या हिशेबात दोन दिवंगत इलेक्टरांच्या तसबिरींच्या ६० जोड्यांची नोंद आहे! त्यामुळे चित्रावरचा पंखवाला साप ही कार्यशाळेची मोहोर समजावी. हान्स १५३७ मध्ये वारला, त्या सुमारास सापाचे उभारलेले पंख मिटलेले दिसू लागतात. तेवढी खूण सोडली तर सापाकडून फार कळत नाही.

चित्र ज्या फळीवर काढलंय, त्या लाकडाकडून कळतं. १५२० च्या दशकात या कार्यशाळेत बीच नावाच्या झाडाच्या फळ्या भरपूर वापरल्या गेल्या. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं: पाऊसपाणी चांगलं त्या वर्षी वलय रुंद, वाईट वर्षी अरुंद. एका प्रदेशातल्या झाडांत हा क्रम सारखा उमटतो. जिवंत झाडं, मग जुन्या घरांच्या तुळया, असे क्रम एकमेकांवर चढवत शतकानुशतकं मागे जाणारी संदर्भमालिका तयार होते. फळीच्या कडेवरची वलयं मोजून तो क्रम या मालिकेवर एकेक वर्ष सरकवत न्यायचा.

खरी गंमत इथे आहे. तरुण झाडाची वलयं मुळातच रुंद असतात, म्हणून आधी वयाचा हा कल गणिताने काढून टाकतात. मग प्रत्येक जागी सहसंबंध r (दोन क्रम किती सारखे चढउतार करतात ते) काढायचा आणि त्यावरून जुळणी किती पक्की ते सांगणारा आकडा t = r√(n−२)/√(१−r²); n म्हणजे वलयांची संख्या. वलयं १०० आणि r ०.५ असेल तर t सुमारे ५.७. साधारण ३.५ च्या वर गेलं तर दखल घेतात. पण शेकडो जागा तपासल्यावर एखादी निव्वळ योगायोगानेही जुळते, म्हणून दुसऱ्या मालिकेशीही ताडून बघावं लागतं. ओकच्या फळीचा बाहेरचा मऊ भाग सुतार तासून टाकत, त्यामुळे तिथे हरवलेल्या वलयांचा अंदाज बांधावा लागतो. बीचमध्ये असा वेगळा भाग दिसत नाही, त्यामुळे फळीतलं शेवटचं वलय तोडणीच्या वर्षाच्या बरंच जवळ असू शकतं.

या पद्धतीने क्रानाखच्या वेगवेगळ्या चित्रांच्या फळ्या एकाच झाडाच्या निघाल्या आहेत.

मात्र 'विज्ञानाने १००% अस्सल ठरवलं' अशी जाहिरात दिसली तर खिसा सांभाळा. चित्र अमुक वर्षाच्या आधीचं असू शकत नाही, इतकंच वलयं सांगतात. बनावट चित्रं करणाऱ्याला सोळाव्या शतकातलं मोडकं कपाट विकत घ्यायला कोण अडवणार?